पंप तीनदा उतरवला, तरी मशीन बंदच पडतंय

मागच्या मे महिन्यात चिपळूणजवळच्या एका साइटवरून फोन आला. "मिस्त्री, पंप तिसऱ्यांदा करून आणला, आज परत बंद पडलं." मशीन म्हणजे बॅकहो लोडर. कुठल्याही कंपनीचं असलं तरी आपल्याकडे लोक ज्याला जेसीबीच म्हणतात ते. चार सिलिंडरचं इंजिन, जुन्या पद्धतीचा रोटरी डिझेल पंप, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलना दाबाने डिझेल देणारा. मालकाकडे हे एकच मशीन, डोक्यावर बँकेचा हप्ता आणि पावसाच्या आत पुरं करायचं चराचं काम. पंप उतरवायचा, पंपवाल्याकडे न्यायचा, परत आणून टायमिंग लावून बसवायचा, यात दर वेळी दोन-दोन दिवस गेले होते. आणि दर वेळी पंपवाला सांगायचा की पंप बेंचवर (तपासणीच्या मशीनवर) व्यवस्थित चालतोय.

तो खरंच सांगत होता, त्याच्यावर विश्वास मात्र कुणी ठेवला नाही.

मी हे लिहायला बसलो ते याच कारणासाठी. डिझेल कमी पडतंय असं दिसलं की आपला पहिला हात पंपावर जातो, कारण सगळ्यात महाग भाग तोच. माझ्या कामात मात्र उलटंच दिसत आलंय. पंपाला प्यायला नीट मिळत नसतं म्हणून तो पुढे देऊ शकत नाही. टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता तपासल्याशिवाय पंपाला पाना लावू नका. त्या तपासणीला एक स्वच्छ कॅन, दोन मीटर पारदर्शक डिझेल पाइप आणि ओढ मोजणारं एक व्हॅक्यूम गेज एवढंच लागतं.

आधी विचारा: बंद कधी पडतं?

कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून जाईपर्यंत दोन तास जातात. तेवढ्यात मी ऑपरेटरशी फोनवर बोलून घेतो. मालकाशी नंतर. मशीनवर दिवसभर बसतो तो ऑपरेटर, त्याने पाहिलेलं मालकाला बऱ्याचदा माहीतच नसतं.

सकाळी पहिल्यांदा चालू व्हायला त्रास होतो आणि एकदा चालू झालं की दिवसभर कुरकुर नाही, तर रात्रीत डिझेल लाइनमधून मागे टाकीत उतरतंय. कुठेतरी सूक्ष्म फटीतून हवा आत येते, किंवा फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) व्हॉल्व्ह धरत नाही. दिवसभर नीट चालतं पण चहाला बंद केलं की गरम इंजिन पुन्हा चालूच होत नाही, तासाभराने थंड झाल्यावर होतं, तर ही खरी पंपाची गोष्ट असू शकते, तिच्याकडे पुढे येतो. नुसतं उभं असताना ठीक आणि बकेट भरताना दम सोडतं, तर फिल्टर किंवा फीड पंप. उतारावर तोंड खाली करून उभं असताना बंद पडतं, तर आधी टाकीत डिझेल किती आहे ते पाहा. हे मी गंभीरपणे सांगतोय, यापायी एक दिवस वाया गेलेला मी पाहिलाय.

आणि ठरावीक वेळाने, वीस मिनिटांनी किंवा पाऊण तासाने बंद पडतं, थोडं थांबलं किंवा लाइनमधली हवा (एअर) काढली की परत तेवढाच वेळ चालतं, तर रस्त्यात हळूहळू काहीतरी आवळत चाललंय.

चिपळूणच्या ऑपरेटरला मी आणखी एक प्रश्न विचारला होता. टाकी भरलेली असताना लवकर बंद पडतं की अर्धी असताना? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, डिझेल भरलं त्या दिवशी जास्त त्रास देतंय. संध्याकाळी टाकी खाली गेली की बरं चालतं." जालन्याकडचा मुलगा, जेमतेम बावीस-तेवीसचा. तीन फिटर येऊन गेले, पण हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

धूर बघा

हत्यारं काढण्याआधी सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना धूर अजिबात येत नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल जातच नाही. पांढरा धूर येतो पण इंजिन पेट घेत नाही, तर डिझेल जातंय, जळत नाहीये. मग कॉम्प्रेशन, टायमिंग, नोझल, थंडीत हीटर यांच्याकडे वळा. लोडवर काळा धूर काढत इंजिन बसतं, तर डिझेल कमी नाही, हवा कमी आहे. एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइप बघा. डिझेल कमी पडल्याची खूण वेगळी असते: धूर न वाढता आरपीएम खाली येत जातो, कधी हेलकावे खात.

पोकलेनवर आणखी एक गल्लत होते. (पोकलेन हेही मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. आपण ते सगळ्याच एक्स्कॅव्हेटरला लावलं.) बूम सावकाश उचलतो म्हणून लोक डिझेलची लाइन खोलून बसतात. लिव्हर पूर्ण ओढून आरपीएमच्या काट्याकडे बघा. काटा जागचा हलत नाही आणि बूमच मंद आहे, तर दोष हायड्रॉलिकचा. काटा पडतो आणि धूर नाही, तर डिझेलचा.

कॅन लावण्याची पद्धत

वीस लिटरचा कॅन घ्या. तेलाचा किंवा पाण्याचा नको. आतून कोरडा आणि स्वच्छ हवा. फिल्टर केलेलं डिझेल भरा. मशीनच्या टाकीतून फीड पंपाकडे येणारी लाइन सोडा आणि तिथे पारदर्शक पाइप जोडून तो कॅनमध्ये सोडा. रिटर्नची लाइनही, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी, सोडून कॅनमध्येच घ्या. बरेच जण हे विसरतात. रिटर्न टाकीत राहिला तर कॅन भराभर रिकामा होतो, आणि रिटर्नमधून बुडबुडे येतायत का हेही दिसत नाही.

कॅन टाकीच्याच उंचीवर ठेवा. वर टपावर बांधून ठेवला तर डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येतं, कमजोर फीड पंपही चांगला वाटतो आणि तुम्ही फसता. टर्बो आणि सायलेन्सरपासून लांब, दोरीने घट्ट बांधून ठेवा. तोंडावर सैल फडकं, बूच नको.

आता मशीन उभं करून रेस देत बसू नका. कामाला लावा. पाऊण तासाने बंद पडत असेल तर दीड तास खणू द्या. कॅनवर बिनतक्रार चाललं, तर पंप, नोझल, फिल्टर सगळे सुटले, आणि दोष टाकी, झाकण, टाकीतली जाळी किंवा तिथपर्यंतच्या लाइनमध्ये आहे. कॅनवरही बंद पडलं, तर दोष पुढे आहे. मग कॅनचं डिझेल पहिल्या फिल्टरच्या पुढे जोडा, पुन्हा चालवा, असं करत पुढे सरका. एका जोडणीत अर्धा रस्ता बाद होतो.

चिपळूणला मी हेच केलं. मशीन कॅनवर दोन तास चाललं. मालक चहाचा कप हातात घेऊन शेजारी उभा होता. चहा निवला तरी त्याने घोट घेतला नव्हता.

झाकण

मग कॅन काढून लाइन पुन्हा टाकीला जोडली. टाकी काठोकाठ भरायला लावली आणि झाकण घट्ट लावून मशीन चालवायला दिलं. पारदर्शक पाइपचा तुकडा फिल्टर आणि पंपाच्या मध्ये ठेवला होता. पंचवीसएक मिनिटांत त्यात बारीक बुडबुडे दिसायला लागले, मग जास्त, मग इंजिनचा आवाज बसायला लागला. मी ऑपरेटरला म्हटलं, काही करू नको, फक्त टाकीचं झाकण फिरव. झाकण सैल होताच टाकीने लांब फुस्स करून हवा ओढली आणि दोन मिनिटांत इंजिन पूर्ववत.

झालं होतं असं. दोन महिन्यांपूर्वी रात्री साइटवरून डिझेल चोरीला गेलं, चोरांनी झाकण फोडलं. मालकाने बाजारातून कुलपाचं झाकण आणून लावलं. मजबूत झाकण, पण त्याला हवेचं भोक नव्हतं. मूळ झाकणात बारीक ब्रीदर असतो. जेवढं डिझेल खाली जातं तेवढी हवा त्यातून आत येते. इथे डिझेल जात होतं आणि हवा येत नव्हती.

टाकी भरलेली असताना त्रास जास्त का, याचा हिशेब सोपा आहे. बॅकहो कामावर तासाला साधारण चार ते सहा लिटर डिझेल खातो. काठोकाठ टाकीत वर हवेची जागा समजा पाच लिटर. त्यातून तीन लिटर डिझेल गेलं की पाच लिटर हवेला आठ लिटर जागा व्यापावी लागते आणि टाकीतला दाब वातावरणाच्या दोन तृतीयांशाच्याही खाली जातो. त्याविरुद्ध पंपाने ओढायचं म्हणजे स्ट्रॉचं टोक दाबून उसाचा रस पिण्यासारखं. तेच टाकी अर्धी असेल तर वर पन्नास-साठ लिटर हवा आहे. तीन लिटर गेल्याचा तिला पत्ताही लागत नाही.

आणि बुडबुडे कुठून आले? लाइन कुठेच गळत नव्हती. डिझेलमध्ये नेहमीच थोडी हवा विरघळलेली असते. ओढ वाढली की ती बाहेर सुटते. म्हणून बुडबुडे दिसले की लगेच "हवा कुठून तरी घेतोय" म्हणून डिझेलच्या नळ्या जोडणारे सगळे बँजो बोल्ट आवळू नका. आधी व्हॅक्यूम गेज लावा. ओढ जास्त असेल तर मागे काहीतरी तुंबलंय. ओढ कमी असूनही बुडबुडे येतायत, तर खरोखर हवा शिरतेय. नेमकी मर्यादा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असते. बऱ्याच इंजिनांवर पंपाच्या तोंडाशी फिल्टर नवा असताना शंभर-दीडशे मिलिमीटर पारा आणि फार तर अडीचशे, एवढी ओढ चालते.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दर वेळी मशीन बंद पडलं की ऑपरेटर काय करायचा? आधी टाकीचं झाकण उघडून काठीने डिझेल बघायचा. तिथेच दोष निघून जायचा. मग तो वीस मिनिटं हँड पंप मारून एअर काढायचा, मशीन चालू व्हायचं आणि श्रेय एअर काढण्याला मिळायचं. दोन महिने तो दिवसातून सहा-सहा वेळा स्वतःच दुरुस्ती करत होता.

म्हणून ठरावीक वेळाने बंद पडणाऱ्या मशीनवर पहिलं काम हेच: बंद पडलं की दुसरं काहीही न करता फक्त झाकण सैल करा आणि कान द्या. या तपासणीला पैसाही लागत नाही. क्रशरवर झाकणाचा ब्रीदर दगडाच्या धुळीने बुजतो, भाताच्या खाचरात चिखलाने. झाकण मूळ असलं तरी तोंडाने फुंकून बघा, हवा जायला हवी. प्लॅस्टिकची टाकी असेल तर तिच्या पोटाकडेही लक्ष ठेवा. आत चेपलेली दिसली तर निदान तिथेच झालं.

टाकीतला कचरा आणि कॉम्प्रेसरची फुंकर

झाकण ठीक असूनही कॅनवर चालतं आणि टाकीवर बंद पडतं, तर टाकीत काहीतरी तरंगतंय. मी काढलेल्या वस्तू सांगतो: कॅनच्या झाकणाखालची चंदेरी चकती, गोणपाटाचे धागे, फडक्याचा तुकडा, पळसाचं पान, एकदा गुटख्याची पुडी. डिझेल ओढलं जातं तसं हे पाइपच्या तोंडावर येऊन चिकटतं. इंजिन बंद झालं की ओढ संपते, ते सुटून तळाला जातं आणि मशीन पुन्हा चालू होतं.

इथे फिटर कॉम्प्रेसर लावून लाइनमधून उलटी हवा मारतात. मशीन दोन दिवस चालतं आणि तिसऱ्या दिवशी परत फोन. कारण कचरा गेला नाही, फक्त बाजूला झाला. उलटी हवा ही तपासणी म्हणून चांगली आहे, झाकण उघडं ठेवून आणि दाब अगदी कमी ठेवून. हवा मारल्यावर मशीन सुधारलं, तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही.

टाकी धुताना तळाला काळा, शेवाळासारखा बुळबुळीत थर दिसला तर तो नुसता गाळ नाही. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढते. कोकणातल्या दमट हवेत, महिनोन् महिने उभ्या असलेल्या मशीनमध्ये हे हमखास. त्यावर नुसता फिल्टर बदलून भागत नाही, चार दिवसांत नवा फिल्टर पुन्हा काळा होतो. पाणी आणि थर दोन्ही काढावे लागतात. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूण भागातल्या बुडालेल्या मशिनांवर काम करताना माझा पहिला नियम एकच होता: टाकी, फिल्टर, लाइन पूर्ण रिकामी झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही. पाणी पंपात गेलं की एका सेल्फमध्ये नुकसान होतं.

पंपाचा प्लंजर (डिझेलला दाब देणारा दांडा) आणि त्याचं बॅरल यांच्यात दोन ते चार मायक्रॉनचं अंतर असतं. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. तिथे डिझेल हेच वंगण आहे. त्या जागी पाणी गेलं की धातू धातूवर घासतो. पाण्याचा सापळा रोज सकाळी सेल्फ मारण्याआधी उघडून खालचं पाणी सोडा, रात्रभर पाणी खाली बसलेलं असतं. काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. जमिनीवर सांडून काही कळत नाही. आणि टाकी सकाळी भरण्यापेक्षा संध्याकाळी काम संपल्यावर भरा. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ रात्री थंड पत्र्यावर पाणी होते.

फिल्टर, वायसर, फीड पंप

यावर फार लिहीत नाही, बहुतेकांना माहीत असतं. दोनच गोष्टी. नवा बारीक फिल्टर बसवताना तो कॅनमधल्या डिझेलने वरून भरू नका. मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळता थेट पंपात जातं. कोरडा बसवा आणि हँड पंपाने भरा. हाताला श्रम पडतात, पडू द्या. दुसरं, बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर (वॉशर) पुन्हा वापरू नका. एकदा दाबला गेलेला वायसर ओढणाऱ्या बाजूला हवा आत घेतो, आणि बाहेर थेंबही दिसत नाही, कारण इंजिन चालू असताना तिथे गळत नाही, तिथे शोषलं जातं. इंजिन बंद करून हँड पंप मारा आणि त्याच्या पुढच्या, दाब पोचणाऱ्या प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. जिथे ओलसर झाला तिथेच हवा शिरत होती.

इंजिनवर बसणाऱ्या डायफ्रामच्या फीड पंपाचा दाब साधारण अर्ध्या बारच्या आसपास असतो. पडदा फाटला तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि वास डिझेलचा आला, तर मशीन त्याच क्षणी बंद करा. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातात आणि मग पंपाचा खर्च किरकोळ वाटायला लागतो. रोटरी पंपाच्या शाफ्टचं सील गेलं तरी हेच होतं, त्यामुळे फीड पंप बदलूनही ऑइल वाढत राहिलं तर तिकडे बघा.

आणि वायर विसरू नका. रोटरी पंपावर डिझेल बंद करण्याचा सोलनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, असतो. चावी चालू केली की टिक आवाज यायला हवा. खड्ड्यातून मशीन गेलं की बंद पडतं, पुन्हा चावी फिरवली की चालू, हे डिझेलचं लक्षणच नाही. बॅटरीपासून सोलनॉइडला तात्पुरती थेट वायर देऊन चालवा. तक्रार गेली तर सैल टर्मिनल किंवा रिले शोधा. इलेक्ट्रिक फीड पंप असेल तर त्याच्या प्लगवर व्होल्टेज मोजा, पण मशीन कामावर असताना. बंद मशीनवर बारा व्होल्ट दाखवणारी गंजकी वायर लोडवर नऊच देते.

कॉमन रेल असेल तर

१ एप्रिल २०२१ पासून चाकांवरच्या बांधकाम मशिनांना सीईव्ही स्टेज ४ ही प्रदूषणाची मानकं लागू झाली आणि त्यानंतर बऱ्याच नव्या मशिनांवर कॉमन रेल इंजिन आलं, म्हणजे एकाच नळीत (रेलमध्ये) मोठ्या दाबाने डिझेल साठवून तिथून सगळ्या नोझलना देणारं. जुन्या सवयी इथे जीवघेण्या आहेत. इंजिन चालू असताना किंवा सेल्फ मारताना नोझलच्या पाइपचा नट सैल करून "डिझेल येतंय का" बघायचं, हे इथे कधीच करायचं नाही. रेलमध्ये हजार-दीड हजार बारच्या वर दाब असतो. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, रक्तही येत नाही, दुखतही नाही, आणि काही तासांत हात सुजून काळा पडतो. असं कुणाला झालं तर हळद लावून घरी पाठवू नका, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि "दाबाने डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. गळती शोधायची तर लांबून पुठ्ठा धरा, हात नको. आणि खोलण्याआधी इंजिन बंद करून निदान दहा मिनिटं दाब उतरू द्या.

इथे निदान स्कॅनरवर होतं. सेल्फ मारताना रेलचा दाब बघा. बहुतेक इंजिनांना चालू व्हायला साधारण दोनशे ते तीनशे बार लागतात, त्याखाली कंट्रोलर नोझल उघडतच नाही. दाब तिथपर्यंत पोचत नसेल तर हाय प्रेशर पंपाकडे धावण्याआधी क्रम असा ठेवा: आधी कॅन, तोच वरचा. मग नोझलच्या रिटर्नची तपासणी. प्रत्येक नोझलची रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत घ्या आणि ठरावीक वेळ सेल्फ मारा. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल आलं तर दाब तिथून पळतोय आणि पंप बिचारा भरत बसलाय. पंप नवा टाकूनही अशी गाडी चालू होणार नाही. त्यानंतर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा. तो काढाल तेव्हा त्याच्या जाळीत चमकणारी धातूची भुकटी आहे का बघा. असेल तर पंप आतून झिजला आणि तीच भुकटी पुढे रेल आणि नोझलमध्येही गेली. अशा वेळी फक्त पंप बदलणं म्हणजे नवा पंप वाया घालवणं. खर्च मोठा आहे हे मला कळतं, पण मालकाला हे आधीच सांगायला हवं, दुसरा पंप गेल्यावर नाही.

डिझेलमध्ये टू-टी तेल किंवा इंजिन ऑइल मिसळण्याबद्दल मला सतत विचारतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ डिझेल आलं, गंधक ५० वरून १० पीपीएमवर आलं, म्हणून पंप कोरडे पडतात असा समज पसरलाय. गंधक काढताना वंगणपणा कमी होतो हे खरं, पण रिफायनरी त्यावर उपाय करूनच डिझेल बाहेर सोडते. वंगणाची अट मानकातच आहे. चांगल्या पेट्रोल पंपावरच्या डिझेलमध्ये काही मिसळायची गरज नाही, आणि कॉमन रेलमध्ये मिसळूच नका.

खरोखर पंपच गेलाय हे कसं कळतं

कॅनवरही तक्रार कायम, फिल्टर नवा, ओढ मर्यादेत, बुडबुडे नाहीत, सोलनॉइड थेट वायरवर. एवढं झाल्यावर पंप. रोटरी पंपाचं आतलं हेड (दाब तयार करणारा भाग) झिजलं की गरम इंजिन चालू होत नाही, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं. एक जुनी युक्ती आहे: पंपावर ओलं फडकं गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं थांबा. फडक्याने थंड होऊन इंजिन चालू झालं तर हेड झिजल्याची ही पक्की खूण. बादलीने गार पाणी मात्र ओतू नका, गरम पंप जागीच जाम होतो. मोठ्या डंपरच्या किंवा जुन्या पोकलेनच्या इनलाइन पंपावर लोड कमी पडत असेल, तर खोलण्याआधी ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग बघा. ती सैल झाली की पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या वाटेत) दाब टिकत नाही. बदलायला दहा मिनिटं लागतात.

आणि पंप पाठवताना सोबत चिठ्ठी द्या. बेंचवर पंपाला स्वच्छ डिझेल, पूर्ण दाबाने आणि ठरावीक तापमानाला मिळतं. मशीनवर काय होत होतं हे पंपवाल्याला कसं कळणार? मी चिठ्ठीवर लिहितो: थंड चालू होतं की नाही, गरम होतं की नाही, लोडवर आरपीएम कितीवरून किती पडतो, धुराचा रंग, कॅनवर किती वेळ चालवलं, पंपाच्या तोंडाशी ओढ किती, इंजिन ऑइल वाढलंय का, आणि आधी पंप कधी खोलला होता. चिपळूणच्या मालकाने तीन वेळा पंप पाठवला तेव्हा एकदाही यातलं काही लिहून दिलं नव्हतं. आता त्याच्या केबिनमध्ये सीटमागे एक वही आहे. मूळ झाकण आणून बसवलं त्या दिवसाची नोंद ऑपरेटरनेच केली: टाकी फुल, सकाळी आठ ते दुपारी एक, एकदाही बंद नाही.